कोणाच्या हातचं खाता? सुशी, गंगाराम कांबळे आणि आपलं कोल्हापूर

मंडळी, आज जरा लांबून सुरुवात करतोय, पण येणार आहे आपल्या भाऊसिंगजी रोडवरच. तेवढा धीर धरा.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली 'वसाबी बाय मोरिमोतो' हे जपानी रेस्टॉरंट सुरू झालं. मासाहारू मोरिमोतो हा टीव्हीवरच्या 'आयर्न शेफ'मुळे जगभर गाजलेला आचारी. त्याच्या नावाचं हे हॉटेल आलं आणि आपल्या राज्यात सुशी म्हणजे श्रीमंतांचं जेवण हे समीकरण पक्कं झालं. आता पुण्यातही सुशी मिळते, मॉलमध्ये मिळते, रीलमध्ये तर रोजच दिसते. कोल्हापुरात विषय निघाला की ठरलेली प्रतिक्रिया येते, "कच्चा मासा, भाताची मूठ आणि त्याला एवढं बिल? तेवढ्यात आमचं अख्खं घर मटणाचं ताट जेवून येईल की!"

हिशेब चुकीचा नाही. पण सुशीचा इतिहास वाचला की या बिलाकडं बघायची नजर बदलते. कारण हा पदार्थ मुळात श्रीमंतांचा नव्हताच. गाड्यावरचा होता.

सगळ्यात जुनी सुशी म्हणजे मासा टिकवायची युक्ती. आग्नेय आशियात भातशेतीच्या आणि नद्यांच्या मुलखात लोक मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून ठेवत. भात आंबायचा आणि त्या आंबटपणात मासा महिनोन्‌महिने टिकायचा. खाताना मासा घ्यायचा, भात टाकून द्यायचा. जपानच्या बिवा सरोवराच्या काठी 'फुनाझुशी' हा प्रकार अजून करतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. कोकणातल्या माणसानं मीठ आणि ऊन वापरून बोंबील, बांगडा, सुकट टिकवली आणि ती घाट चढून आपल्या बाजारात आली. त्यांनी भात वापरला, आपण ऊन वापरलं. पोटाची काळजी दोन्हीकडं तीच.

पुढं एदो शहर वाढलं. एदो म्हणजे आजचं टोकियो. अठराव्या शतकात तिथली वस्ती दहा लाखांच्या घरात होती आणि त्यात बाहेरगावाहून कामाला आलेले एकटे पुरुष भरपूर. सुतार, हमाल, गवंडी, दुकानातले नोकर. त्यांना घरी रांधणारं कोणी नाही आणि मासा आंबेपर्यंत थांबायला वेळ नाही. मग आंबवण्याऐवजी भातातच व्हिनेगर घालायची पद्धत रुळली. १८०४ साली हांदा गावात नाकानो माताझाएमोन यानं साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून व्हिनेगर बनवायला सुरुवात केली. ते स्वस्त पडायचं, त्यामुळं गाडेवाल्यांचं काम सोपं झालं. १८२० च्या दशकात हानाया योहेई या सुशीवाल्यानं हातातल्या हातात भाताची मूठ दाबून त्यावर माशाचा काप ठेवायची पद्धत लोकप्रिय केली, असं मानतात. तीच 'निगिरी' सुशी. निगिरी म्हणजे मुठीत दाबलेली.

गिऱ्हाईक गाड्यापुढं उभं राहायचं, दोन-चार घास खायचं आणि कामावर पळायचं. घासही आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा असायचा. आणि एक लक्षात घ्या, तेव्हा बर्फ नव्हता. त्यामुळं मासा सोया सॉसमध्ये मुरवलेला, व्हिनेगरमध्ये ठेवलेला किंवा शिजवलेला असायचा. टूना माशाचा जो चरबीदार भाग आज सोन्याच्या भावानं विकला जातो, तो त्या काळी फेकून देत. म्हणजे आपल्या स्टँडवरच्या वडापावचं जे स्थान, तेच एदोमध्ये सुशीचं.

मग हा गाडा ताजमध्ये कसा पोचला?

१ सप्टेंबर १९२३ ला कांतो भागात भयंकर भूकंप झाला, टोकियो जळालं आणि तिथले सुशीवाले आपापल्या गावी पांगले. त्यांच्याबरोबर एदोची सुशी देशभर गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई आली. १९४७ साली सरकारनं खाण्याची दुकानं बंद केली. तेव्हा सुशीवाल्यांनी वाट काढली, 'आम्ही विकत नाही, तुम्ही तांदूळ आणा, आम्ही फक्त सुशी करून देतो.' मापभर तांदळाला दहा नग असा दर ठरला. गिरणीत दळण नेऊन द्यावं तसं! याच सुमारास रस्त्यावरचे गाडे अस्वच्छतेच्या कारणानं हटले आणि सुशी दुकानाच्या आत गेली. दार आलं की दर चढतो. १९५८ साली ओसाकात योशिआकी शिराइशी यानं बिअरच्या कारखान्यातला फिरता पट्टा बघून सुशीच्या बशा पट्ट्यावर फिरवल्या आणि ती पुन्हा सामान्य माणसाच्या खिशात आणली. दुसरीकडं १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियोत सुशी बार सुरू झाले, नट-नट्या आणि कंपन्यांचे साहेब तिथं जाऊ लागले आणि सुशी 'स्टेटस' झाली. आपल्याकडं आली ती या अमेरिकेच्या वाटेनं. वास्तविक जपान आणि मुंबईचा संबंध त्याच्या कितीतरी आधीचा. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकारानं जपानी निप्पॉन युसेन कंपनीची कोबे-मुंबई बोट सुरू झाली, ती कापसासाठी. त्याच टाटांनी १९०३ साली ताज उघडलं. कापूस गेला, पण सुशी यायला शंभर वर्षं लागली.

आता मुद्द्याची गोष्ट. सुशी महाग झाली तरी एक गोष्ट गाड्यावर होती तशीच राहिली. करणारा आणि खाणारा समोरासमोर. चांगल्या सुशीच्या दुकानात स्वयंपाकघर आत लपवलेलं नसतं. लाकडी फळीच्या पलीकडं आचारी उभा, अलीकडं तुम्ही. तो हातानं घास वळतो आणि तुमच्यापुढं ठेवतो, तुम्हीही तो हातानं उचलून खाल्ला तर चालतं. काय खायचं हेसुद्धा बरेच लोक त्याच्यावर सोपवतात. टोकियोच्या गिंझा भागातलं जिरो ओनो यांचं दुकान जेमतेम दहा खुर्च्यांचं, तेही इमारतीच्या तळघरात. २०१४ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा तिथं जेवायला गेले. दुकानाला नाव कोणाचं? वळणाऱ्याचं. लोक पैसे मोजतात ते त्या हाताचे.

पण जपानलाही उगाच डोक्यावर घ्यायला नको. याच फळीमागं बाईला उभं राहू देत नव्हते. कारण काय, तर म्हणे बायकांचे हात गरम असतात, मासा बिघडतो! पाळीचंही कारण पुढं केलं जायचं. ओळखीचं वाटतंय ना? आता काही बायका हट्टानं या धंद्यात उतरल्यात, पण ती भिंत पूर्ण पडलेली नाही.

तर प्रश्न आहे हाताचा. आणि हातचं खाणं म्हटलं की कोल्हापूरला स्वतःचा इतिहास आहे.

आज आपण कौतुकानं म्हणतो, "काकूंच्या हातचा पांढरा रस्सा एकदा खाऊन बघा." शंभर वर्षांपूर्वी 'हातचं' हा शब्द कौतुकाचा नव्हता. अमक्याच्या हातचं पाणी चालतं, तमक्याच्या हातचं चालत नाही, असा त्याचा वापर होता. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना इतर नोकरांनी बेदम मारलं. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामना त्यांनी नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, मदत दिली. आणि भाऊसिंगजी रोडवर, भर वस्तीत, गंगाराम कांबळेंचं 'सत्यसुधारक' हॉटेल उभं राहिलं.

विचार करा, धंदा कुठला निवडला? लोक ज्या हाताला शिवून घेत नव्हते, त्या हातानं चहा करायचा. गिऱ्हाईक फिरकेना, हे ओघानंच आलं. मग महाराज स्वतः गाडी घेऊन हॉटेलपुढं थांबायचे, चहा मागवायचे, प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. सहीसाठी कागद घेऊन आलेल्यालाही आधी गंगारामचा चहा घ्यावा लागे, असं आठवणींत सांगितलं जातं. छत्रपती ज्या कपातून पितात, त्याला नाही कोण म्हणणार? १९१९ साली संस्थानातल्या शाळा, दवाखाने, सरकारी जागा यांत शिवाशिव पाळायची नाही, असे हुकूमही महाराजांनी काढले. हुकूम कागदावर राहू शकतो. चहाचा घोट घशाखाली उतरावाच लागतो.

१९२२ साली महाराज गेले. पुढं काही वर्षांतच याच गंगाराम कांबळेंनी सहकाऱ्यांसह पुढाकार घेऊन कोल्हापुरात महाराजांचं स्मारक उभारलं. एका चहावाल्यानं राजाचं स्मारक उभारलं, ही गोष्ट किती शाळांमध्ये सांगितली जाते?

हे सगळं आज का लिहितोय? कारण आपल्या हातांचा प्रश्न अजून मिटलेला नाही, फक्त त्याचं रूप बदललंय.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं कोल्हापुरी घाटाच्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. आपण सगळे चिडलो, बरोबरच होतं. या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. ओरड झाल्यावर कंपनीनं मूळ मान्य केलं, त्यांची माणसं इथं येऊन गेली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला. २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो. चांगलं झालं. पण ज्या हातांनी ती चपल पिढ्यान्‌पिढ्या शिवली, त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येतं का? आपला राग 'कोल्हापूर' या नावासाठी होता. कारागिराच्या नावासाठी किती होता?

जेवणाचंही तेच. 'व्हेज कोल्हापुरी' नावाखाली देशभर लाल तर्रीत काहीही खपतं आणि आपण हसून सोडून देतो. जपान सरकारनं २००६ साली परदेशातल्या जपानी हॉटेलांना अस्सलपणाचा दाखला द्यायची योजना आणली, तेव्हा 'सुशी पोलीस' म्हणून जगानं टिंगल केली आणि ती गुंडाळावी लागली. पुढं त्यांनी परदेशी आचाऱ्यांना शिकवून त्यांच्या हाताला प्रमाणपत्र द्यायची वाट धरली. नावावर पहारा बसवून पदार्थ टिकत नाही. करणाऱ्याला शिकवलं, मान दिला, पैसा दिला, तर टिकतो.

म्हणून सुशीच्या बिलाला नावं ठेवताना एवढा विचार करू. त्या बिलात हाताची किंमत धरलेली असते. आपल्याकडं पहाटे चारला उठून मसाला वाटणाऱ्या, भाकऱ्या थापून ज्यांचे तळवे भाजून निघालेत, त्या बाईच्या हाताची किंमत ताटाच्या दरात कितीशी असते? पाटीवर मालकाचं नाव, बातमीत मालकाचा फोटो आणि ती मात्र मागच्या बाजूला, चुलीपाशी. दर वाढवा असं म्हणत नाही. पण तिला पगार काय, सुट्टी आहे का, आजारपणात कोण बघतं, हे विचारायला काय हरकत आहे? महाराजांनी भर रस्त्यात गाडी थांबवून चहा मागवला, तेव्हा त्यांनी शहराला हेच दाखवलं, की करणारा हात लपवायचा नसतो.

एक काम करा. आपापल्या पेठेतल्या, गावातल्या जुन्या खानावळी, मिसळीची दुकानं, चहाच्या टपऱ्या आठवा. हॉटेलाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, ते नको. तिथं रांधणाऱ्याला जाऊन विचारा, "तुमचं नाव लिहिलं तर चालेल का?" हो म्हणाले, तर खाली कॉमेंटमध्ये त्यांचं नाव आणि त्यांच्या हातचा पदार्थ लिहा. यादी मोठी झाली तर त्याचं पुढं काय करायचं, ते आपण सगळे मिळून ठरवू.