बेटांच्या नांवाचें खेडें

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यांत, जुन्या शिशाच्या खाणींच्या मुलखांत, 'ईम' नांवाचें एक लहानसें खेडें आहे. १०८६ सालच्या 'डूम्सडे' जमीनपाहणींतहि त्याची नोंद सांपडते. जुन्या इंग्रजींत 'एग' म्हणजे बेट. 'बेटांपाशीं' असा या नांवाचा अर्थ स्थलनामांचे अभ्यासक लावतात. समुद्र तर येथून कोसच्या कोस दूर! पण ओढ्यांच्या मधल्या भूभागालाहि ते जुने लोक बेटच म्हणत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कोडें सुटतें.

हें बेट खरोखरच चहूंबाजूंनीं तुटलें तें १६६६ सालीं. आदल्या वर्षीं लंडनहून आलेल्या कापडाबरोबर प्लेग गांवांत शिरला, असें परंपरा सांगते. तें कापड उलगडणारा शिंपी जॉर्ज विकर्स याचें दफन ७ सप्टेंबर १६६५ रोजीं झालें. हिवाळ्यांत सांथ मंदावली; उन्हाळा येतांच पुन्हां भडकली. तेव्हां तरुण धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन यानें गांवाच्या सीमा बंद करण्याचें ठरविलें. पण नवख्या मनुष्याचें लोकांनीं ऐकावें कसें? म्हणून त्यानें थॉमस स्टॅन्ली या पूर्वीच्या धर्मोपदेशकाचें साहाय्य घेतलें. धर्ममताच्या वादांत १६६२ सालीं पद गमावलेला स्टॅन्ली हा वस्तुतः त्याचा प्रतिपक्षी. तरी दोघे एक झाले, आणि गांवानें मानलें.

कोणीं सीमा ओलांडावयाची नाहीं. प्रार्थना देवळांत न करतां उघड्या दरींत करावयाची. ज्याचा मृत त्यानेंच पुरावयाचा. शेजारचे लोक वेशीवर अन्न ठेवीत आणि व्हिनेगरांत बुडविलेलीं नाणीं उचलून नेत. एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईनें ऑगस्टांतल्या आठ दिवसांत पति आणि सहा मुलें आपल्या हातांनीं पुरलीं. २५ ऑगस्टला मॉम्पेसनची पत्नी कॅथरिन गेली. ७६ कुटुंबांतून २५९ माणसें दगावलीं, असें त्यानेंच नोव्हेंबरांत एका पत्रांत लिहिलें.

या कथेवर पुढें काव्याचा मुलामा पुष्कळ चढला. मॉम्पेसननें स्वतःचीं मुलें आधींच बाहेर धाडलीं होतीं, हें सांगणारे मात्र थोडे. खाणकामगाराला ती सोय कोठून? तथापि तो निर्बंध व्यर्थ म्हणतां येत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें तेथील सुमारें तीन-चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली होती. एखादा पळून गेलेला मनुष्यहि शेजारचें गांव उजाड करूं शकला असता.

स्टॅन्ली ईममध्येंच राहिला व १६७० सालीं तेथेंच वारला. मॉम्पेसन पुढें नॉटिंगहॅमशायरमधील ईकरिंग गांवीं नेमला गेला. तेथील लोकांनीं प्लेगच्या भीतीनें त्याला प्रथम गांवांत घेतलें नाहीं, अशी आख्यायिका आहे.