लिलावात न विकलेले, तरीही मैदानात : आयपीएल संघाकडे जाणाऱ्या मागच्या वाटा

नवी दिल्ली : इंडियन प्रीमियर लीगच्या (आयपीएल) लिलावात कोणाला किती कोटी मिळाले, याची चर्चा अनेक दिवस चालते. त्याच लिलावात ज्यांच्यासाठी एकाही संघाने फलक उचलला नाही, त्यांची नावे मात्र दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या यादीत एका ओळीत संपतात. तरीही या 'न विकलेल्या' खेळाडूंपैकी काही जण त्याच हंगामात मैदानावर उतरतात, तर काही जण पुढच्या लिलावात कोटींच्या बोलीचे धनी होतात. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील क्रिकेटपटूंच्या दृष्टीने या मागच्या वाटा कोणत्या आणि त्यांचे नियम काय, याचा हा आढावा.

आकडे काय सांगतात

सौदी अरेबियातील जेद्दाह येथे २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या महालिलावासाठी १,५७४ खेळाडूंनी नोंदणी केली होती. त्यांत १,१६५ भारतीय होते. संघांनी रस दाखवलेल्या नावांची छाननी होऊन ५७४ जणांची यादी तयार झाली आणि त्यांपैकी ३६६ भारतीय होते. अखेरच्या क्षणी या यादीत आणखी तीन नावांची भर पडली. प्रत्यक्षात १० संघांनी मिळून १८२ खेळाडू घेतले. त्यांत ६२ परदेशी असल्याने भारतीयांच्या वाट्याला १२० जागा आल्या. संघांनी लिलावापूर्वीच कायम ठेवलेले खेळाडू वगळले, तर नोंदणी करणाऱ्या साधारण दहा भारतीयांपैकी एकालाच संघ मिळाला, असा याचा अर्थ होतो.

'न विकलेला' हा शब्द सरसकट वापरला जात असला, तरी त्यात तीन वेगवेगळे गट असतात. पहिला गट छाननीतच वगळलेल्यांचा. दुसरा गट अंतिम यादीत नाव असूनही ज्यांचे नाव पुकारलेच जात नाही त्यांचा. लिलावाचे सुरुवातीचे गट संपले की 'जलद फेरी' सुरू होते आणि तीत संघांनी मागितलेलीच नावे पुकारली जातात, त्यामुळे यादीच्या शेवटी असलेल्यांची पाळी अनेकदा येत नाही. तिसरा गट नाव पुकारूनही ज्यांच्यावर बोली लागत नाही त्यांचा. त्यांच्यासाठी जलद फेरीत पुन्हा एक संधी असते.

एका संघात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू असतात व त्यांत परदेशी खेळाडू आठपेक्षा जास्त असू शकत नाहीत. म्हणजे दहाही संघांनी आपल्या सर्व जागा भरल्या, तरी एकूण २५० जणांनाच सामावून घेता येते.

पहिली वाट : राज्य संघटनेची टी-२० लीग

दिल्लीचा डावखुरा सलामीवीर प्रियांश आर्य हे या वाटेचे अलीकडचे ठळक उदाहरण. आयपीएलच्या २०२४ च्या हंगामासाठी डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या लिलावात त्याला कोणी घेतले नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली अँड डिस्ट्रिक्ट क्रिकेट असोसिएशनने (डीडीसीए) दिल्ली प्रीमियर लीग सुरू केली. अरुण जेटली स्टेडियमवर झालेल्या या स्पर्धेत साउथ दिल्ली सुपरस्टार्झकडून खेळताना ३१ ऑगस्ट रोजी नॉर्थ दिल्ली स्ट्रायकर्सविरुद्ध प्रियांशने एका षटकात सहा षटकार ठोकले. त्या डावात त्याने ५० चेंडूंत १२० आणि कर्णधार आयुष बदोनीने ५५ चेंडूंत १६५ धावा केल्या. संघाची धावसंख्या ५ बाद ३०८ अशी झाली. प्रियांशने त्या स्पर्धेत एकूण ६०८ धावा जमवल्या.

तीन महिन्यांनी जेद्दाहमध्ये ३० लाख रुपयांच्या मूळ किमतीवरून त्याची बोली ३ कोटी ८० लाखांवर गेली आणि पंजाब किंग्जने त्याला घेतले. ८ एप्रिल २०२५ रोजी मुल्लांपूर येथे चेन्नई सुपर किंग्जविरुद्ध त्याने ३९ चेंडूंत शतक पूर्ण केले. त्याच साउथ दिल्ली संघाचा फिरकी गोलंदाज दिग्वेश राठी यालाही लखनऊ सुपर जायंट्सने ३० लाखांत घेतले. पहिल्याच आयपीएल हंगामात त्याने १४ बळी मिळवले.

अशा लीगचे महत्त्व केवळ धावा-बळींपुरते नाही. तेथील सामन्यांचे प्रक्षेपण होते, संघांचे निवडकर्ते ते पाहतात आणि दडपणाखालील खेळाचे चित्रण त्यांच्या हाती येते. क्लब क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षे खेळूनही हे साधत नाही.

राजधानी क्षेत्रातील खेळाडूंसाठी यात एक भौगोलिक गुंता आहे. मेट्रोने तासाभरात ओलांडता येणारा हा परिसर क्रिकेटच्या नकाशावर तीन राज्य संघटनांत विभागलेला आहे. दिल्लीचे क्रिकेट डीडीसीएकडे, नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशाकडे, तर गुरुग्राम आणि फरिदाबाद हरियाणाकडे येतात. खेळाडूची नोंदणी कोणत्या संघटनेकडे आहे, यावर त्याला कोणती स्पर्धा खुली होते हे ठरते. उत्तर प्रदेशच्या टी-२० लीगमध्ये नोएडा सुपर किंग्ज हा संघ आहे. त्या संघाकडून चमकलेला अष्टपैलू प्रशांत वीर डिसेंबर २०२५ च्या अबूधाबी येथील लिलावात १४ कोटी २० लाख रुपयांना चेन्नईकडे गेला.

दुसरी वाट : बदली खेळाडू

लिलाव संपला तरी दार पूर्ण बंद होत नाही. संघातील खेळाडू जखमी झाला किंवा अन्य कारणाने उपलब्ध नसला, तर त्याच्या जागी नवा खेळाडू घेता येतो. मात्र तो लिलावासाठी नोंदणी करून न विकल्या गेलेल्या, उपलब्ध खेळाडूंच्या यादीतीलच असावा लागतो. त्याचे मानधन मूळ खेळाडूच्या मानधनापेक्षा अधिक असू शकत नाही. पूर्वी संघाच्या सातव्या साखळी सामन्यापर्यंतच असा बदल करता येत असे. २०२५ पासून ही मुदत बाराव्या सामन्यापर्यंत वाढवण्यात आली.

इंदूरचा रजत पाटीदार हा या वाटेचा सर्वांत यशस्वी प्रवासी म्हणावा लागेल. फेब्रुवारी २०२२ च्या महालिलावात तो विकला गेला नाही. लवनीत सिसोदिया जखमी झाल्यावर रॉयल चॅलेंजर्स बंगळूरने त्याला २० लाखांत बोलावले. २५ मे २०२२ रोजी ईडन गार्डन्सवर लखनऊविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्याने ५४ चेंडूंत नाबाद ११२ धावा केल्या. पुढे तोच संघाचा कर्णधार झाला आणि ३ जून २०२५ रोजी अहमदाबादमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली बंगळूरने पहिले विजेतेपद पटकावले. त्या अंतिम सामन्यात पंजाबकडून सलामीला प्रियांश आर्य होता. एकेकाळी लिलावात नाकारलेले दोघे त्या दिवशी समोरासमोर खेळले.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे याच हंगामातील आहेत. पालघरचा शार्दूल ठाकूर भारताकडून कसोटी खेळलेला असूनही जेद्दाहमध्ये विकला गेला नाही. मोहसिन खान जखमी झाल्याने लखनऊने त्याला दोन कोटींच्या मूळ किमतीत घेतले आणि २७ मार्च २०२५ रोजी हैदराबादविरुद्ध त्याने ३४ धावांत चार बळी घेतले. विरारचा १७ वर्षांचा आयुष म्हात्रे ऋतुराज गायकवाडच्या जागी चेन्नई संघात आला. २० एप्रिल रोजी वानखेडे स्टेडियमवर पदार्पणात त्याने १५ चेंडूंत ३२ आणि त्यानंतर ३ मे रोजी बंगळूरविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ धावा केल्या.

या वाटेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. येथे एकाची संधी बहुधा दुसऱ्याच्या दुखापतीतून येते. दिल्लीचा यष्टिरक्षक वंश बेदी याला चेन्नईने ५५ लाखांत घेतले होते. तो जखमी झाला आणि त्याच्या जागी गुजरातचा उर्विल पटेल आला. उर्विलने जेद्दाहचा लिलाव संपल्यानंतर दोनच दिवसांनी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्रिपुराविरुद्ध २८ चेंडूंत शतक झळकावले होते. ते शतक चार दिवस आधी झाले असते, तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते.

तिसरी वाट : नेट गोलंदाज

प्रत्येक संघ सरावासाठी काही गोलंदाज सोबत ठेवतो. ते संघाच्या यादीत नसतात आणि सामना खेळू शकत नाहीत, पण मुख्य फलंदाजांना रोज गोलंदाजी करताना प्रशिक्षकांच्या नजरेत भरतात. जम्मूचा उमरान मलिक २०२१ मध्ये हैदराबादचा नेट गोलंदाज होता. टी. नटराजनला करोनाची लागण झाल्यावर त्याला संघात घेण्यात आले. रुरकीचा आकाश मढवाल नेट गोलंदाज म्हणून काम केल्यानंतर २०२२ मध्ये सूर्यकुमार यादवच्या जागी मुंबई इंडियन्समध्ये आला. २४ मे २०२३ रोजी चेन्नईत लखनऊविरुद्ध त्याने अवघ्या पाच धावांत पाच बळी घेतले.

अमेरिकेतील पद्धतीशी तुलना

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची निवड 'ड्राफ्ट'च्या सात फेऱ्यांत होते. त्यात नाव न आलेला खेळाडू त्यानंतर लगेच कोणत्याही संघाशी स्वतः करार करू शकतो. सराव शिबिरासाठी संघ ९० खेळाडू घेतात आणि हंगामापूर्वी ही संख्या ५३ वर आणतात. कर्ट वॉर्नर हा ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला खेळाडू काही काळ किराणा दुकानात फळ्यांवर माल लावण्याचे काम करत होता. पुढे त्याने सेंट लुईस रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला.

आयपीएलमध्ये असा थेट करार करता येत नाही. जागा रिकामी झाली तरच न विकलेल्या खेळाडूला बोलावणे येते. शिवाय भारतीय क्रिकेट नियामक मंडळ (बीसीसीआय) निवृत्ती न घेतलेल्या पुरुष खेळाडूंना परदेशी टी-२० लीगमध्ये खेळू देत नाही. अमेरिकी खेळाडूला कॅनडात किंवा अन्य लीगमध्ये स्वतःला सिद्ध करता येते, तर भारतीय क्रिकेटपटूसाठी फ्रँचायझी क्रिकेटची बाजारपेठ देशातच सुरू होते आणि देशातच संपते.

पैशाचे गणित

रणजी करंडकात २० पर्यंत सामने खेळलेल्या खेळाडूला अंतिम अकरात असल्यास दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. चार दिवसांच्या सामन्याचे १ लाख ६० हजार होतात. आयपीएलमध्ये २०२५ पासून कराराच्या रकमेखेरीज प्रत्येक सामन्यासाठी साडेसात लाख रुपये दिले जातात. ३० लाखांच्या किमान किमतीत घेतलेला खेळाडू चार सामने खेळला, तर त्याचे उत्पन्न दुप्पट होते. चौदाही साखळी सामने खेळल्यास त्याला केवळ सामना शुल्कापोटी १ कोटी ५ लाख मिळतात. यादीतील शेवटच्या जागेसाठी एवढी धडपड का होते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

याच तफावतीचा गैरफायदा घेणारेही आहेत. राज्य संघात निवड करून देण्याच्या आमिषाने होतकरू क्रिकेटपटूंकडून पैसे उकळल्याच्या प्रकरणात गुरुग्राम पोलिसांनी २०२१ मध्ये अटक केली होती. आयपीएलच्या लिलावासाठी भारतीय खेळाडूची नोंदणी राज्य संघटनेमार्फत होते आणि चाचणीसाठीचे बोलावणे संघाकडून येते. या दोन्ही टप्प्यांवर मध्यस्थाला पैसे देण्याची तरतूद नाही. कोणी निवडीची हमी देऊन रक्कम मागत असेल, तर आधी संबंधित राज्य संघटनेकडे खातरजमा करणे आणि नंतर पोलिसांत तक्रार देणे, हाच मार्ग खेळाडूंसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी सुरक्षित आहे.