न्यूफाउंडलंडचे सार्वमत (१९४८) : सभागृहातील वाद व श्रोत्यांचा कौल

अटलांटिक महासागराच्या पश्चिम काठावरील न्यूफाउंडलंड या देशाने १९४८ साली लागोपाठच्या दोन सार्वमतांनी आपले राजकीय भवितव्य ठरविले. गमावलेले स्वराज्य परत घ्यावे की कॅनडाच्या संघराज्यात सामील व्हावे, हा त्याच्यापुढील मुख्य प्रश्न होता. अखेरीस अवघ्या ६,९८९ मतांच्या अधिक्याने दुसरा पर्याय स्वीकारला गेला. या निर्णयाची मीमांसा बहुधा दोन प्रकारांनी केली जाते. दारिद्र्याने गांजलेल्या जनतेने मुलांच्या भत्त्यासाठी देशाचे स्वातंत्र्य विकले, असे एक मत आहे. लंडन व ओटावा येथील मुत्सद्द्यांनी निकाल आधीच ठरवून ठेवला होता, असे दुसरे मत आहे. दोहोंतही काही तथ्यांश आहे. परंतु मतदानापूर्वी दीड-दोन वर्षे चाललेल्या जाहीर वादाचे स्वरूप ध्यानी घेतल्यावाचून दोन्ही अपुरीच राहतात. हा वाद ज्या सभागृहात झाला तेथे स्वराज्यपक्षाचे स्पष्ट बहुमत होते. तो जेथे ऐकला गेला तेथे तसे बहुमत नव्हते. निकालाचे मूळ या विसंगतीत शोधावे लागते.

न्यूफाउंडलंडला १८५५ साली जबाबदार राज्यपद्धती मिळाली. हा शब्दप्रयोग संस्थानी प्रजेच्या चळवळींमुळे मराठी वाचकांस परिचित आहे. लोकनियुक्त विधिमंडळास जबाबदार असलेले मंत्रिमंडळ, हाच त्याचा येथेही अर्थ होय. कॅनडात सामील होण्याची कल्पना १८६९ च्या निवडणुकीत मतदारांनी धुडकावून लावली होती. तथापि पहिल्या महायुद्धाचा खर्च, लोहमार्गासाठी काढलेली कर्जे आणि १९२९ नंतरच्या मंदीत कोसळलेले खारवलेल्या माशाचे भाव यांमुळे राज्याची तिजोरी रिकामी झाली. एप्रिल १९३२ मध्ये राजधानी सेंट जॉन्स येथे विधिमंडळाच्या इमारतीवर क्षुब्ध जमावाने हल्ला केला. १९३३ साली लॉर्ड ॲमुल्री यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी आयोगाने स्वराज्य तहकूब करण्याची शिफारस केली आणि तेथील विधिमंडळानेच ती मान्य केली. १६ फेब्रुवारी १९३४ पासून गव्हर्नर आणि सहा आयुक्त यांच्या हाती कारभार गेला. आयुक्तांपैकी तीन ब्रिटनमधून व तीन न्यूफाउंडलंडमधून नेमले जात. कोणत्याही परचक्रावाचून एखाद्या लोकशाही राज्याने स्वतःच्या ठरावाने स्वतःचे विधिमंडळ मिटवावे, अशी उदाहरणे इतिहासात विरळाच.

दुसऱ्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. अमेरिका व कॅनडा यांनी बेटावर व लॅब्रडॉरमध्ये लष्करी तळ उभारले, हजारोंना रोख मजुरी मिळाली आणि अंदाजपत्रकात शिल्लक पडू लागली. डिसेंबर १९४५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी एका निर्वाचित राष्ट्रीय परिषदेची घोषणा केली. देशाच्या स्थितीची पाहणी करून कोणत्या राज्यपद्धती सार्वमतास घालाव्यात याची शिफारस करणे, एवढेच तिचे काम होते. अंतिम निर्णय ब्रिटिश सरकारने आपल्याकडे ठेवला होता. उमेदवार आपल्याच मतदारसंघाचा रहिवासी असला पाहिजे, अशी अटही होती. त्यामुळे राजधानीतील वकील व व्यापारी यांनी दूरच्या खेड्यांचे प्रतिनिधित्व करावे, ही जुनी रीत मोडली. २१ जून १९४६ रोजी निवडणूक झाली आणि ११ सप्टेंबरला ४५ सदस्यांची परिषद भरली. लॅब्रडॉरच्या रहिवाशांना राष्ट्रीय प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार या वेळी प्रथमच मिळाला.

परिषदेच्या कामकाजाचे ध्वनिमुद्रण करून ते सरकारी नभोवाणीवरून संध्याकाळी ऐकविण्याची व्यवस्था करण्यात आली, आणि ही गोष्ट निर्णायक ठरली. देशाची लोकसंख्या सुमारे सव्वातीन लाख. तीपैकी पुष्कळशी शेकडो लहान कोळीवाड्यांत विखुरलेली. अनेक ठिकाणी रस्ता नव्हता. बोटीवाचून दळणवळण नव्हते. अशा वस्त्यांत बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओभोवती शेजारीपाजारी जमत. पूर्वी सभागृहातील भाषणे वृत्तपत्रांच्या द्वारे, तीही राजधानीतील वृत्तपत्रांच्या निवडीनुसार, त्यांच्यापर्यंत पोहोचत. आता वक्त्याचा आवाजच घरात येऊ लागला.

हे माध्यम कसे वापरावे हे जोसेफ स्मॉलवूड यांस सर्वांत चांगले उमगले होते. १९३७ ते १९४३ या काळात ‘द बॅरलमन’ नावाचा लोकप्रिय नभोवाणी कार्यक्रम त्यांनी चालविला होता. त्यांच्यामागून तो कार्यक्रम चालविणारे मायकेल हॅरिंग्टन हेही परिषदेचे सदस्य होते. मात्र ते स्वराज्याच्या बाजूचे होते. २८ ऑक्टोबर १९४६ रोजी स्मॉलवूड यांनी कॅनडाच्या अटी जाणून घेण्यासाठी शिष्टमंडळ पाठविण्याचा ठराव मांडला, तेव्हा तो २५ विरुद्ध १८ मतांनी फेटाळला गेला. सभागृहात ही हार होती. श्रोत्यांच्या दृष्टीने मात्र चर्चेचा विषयच त्या दिवशी बदलला. तोवर अनुच्चारित असलेला पर्याय घरोघर बोलला जाऊ लागला. पुढील वर्षी लंडन व ओटावा या दोन्ही ठिकाणी शिष्टमंडळे गेली. लंडनहून स्वराज्यवाद्यांस आर्थिक बाबतीत उत्साहजनक उत्तर मिळाले नाही. ओटावाहून तपशीलवार अटी आल्या.

स्वराज्यपक्षाचे सर्वांत प्रभावी वक्ते पीटर कॅशिन हे माजी अर्थमंत्री होते. त्यांच्या पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे : देश स्वावलंबी झाल्यावर जनतेच्या मागणीनुसार जबाबदार राज्यपद्धती परत दिली जाईल, असे १९३४ च्या व्यवस्थेत अभिप्रेत होते; देश आता स्वावलंबी आहे; म्हणून प्रथम स्वराज्य परत द्यावे. कॅनडाशी बोलणी करायचीच असतील तर ती निर्वाचित सरकारने बरोबरीच्या नात्याने करावीत. केवळ सल्लागार असलेल्या परिषदेस तो अधिकार नाही. हा युक्तिवाद घटनात्मक दृष्ट्या भक्कम होता. त्यास जोडून कॅनडातील करांचा बोजा आणि जकात उठल्याने स्थानिक उद्योगांवर येणारे संकट यांकडेही लक्ष वेधले जाई.

स्मॉलवूड यांनी या युक्तिवादास घटनात्मक उत्तर देण्यापेक्षा दुसराच प्रश्न पुढे केला : सामान्य कोळ्याच्या घरी काय बदलेल? पीठ, कपडे, बूट यांच्या किमती, मुलांचा भत्ता, वृद्धांचे निवृत्तिवेतन यांचा हिशेब त्यांनी पुन्हा पुन्हा मांडला. या हिशेबाचे मर्म समजण्यास तेथील मासेमारीची अर्थव्यवस्था जाणून घ्यावी लागते. व्यापारी हंगामाच्या आरंभी मीठ, जाळी व अन्नधान्य उचल म्हणून देई आणि हंगामाअखेर आपणच ठरविलेल्या दराने मासे घेऊन ती वळती करून घेई; कित्येक कुटुंबांच्या हाती वर्षानुवर्षे रोकड पडत नसे. युद्धकाळात ही पद्धत सैल झाली होती; पण तिची आठवण, आणि मंदीतील दिवसाला सहा सेंटांच्या सरकारी मदतीची आठवण, ताजी होती. कॅनडाचा बालभत्ता दरमहा आणि सामान्यतः आईच्या नावे मिळे. व्यापाऱ्याच्या खातेवहीबाहेरची ती रोख रक्कम होती. त्याला लाच म्हणणारे टीकाकार या संदर्भाकडे दुर्लक्ष करतात. राजधानीत ‘स्वराज्य’ या शब्दाने विधिमंडळाची प्रतिष्ठा आठवे. कोळीवाड्यांत त्याच शब्दाने व्यापाऱ्यांचे राज्य आठवे.

जानेवारी १९४८ च्या अखेरीस परिषदेने संघप्रवेशाचा पर्याय सार्वमतास न घालण्याचे २९ विरुद्ध १६ मतांनी ठरविले. जबाबदार राज्यपद्धती आणि आयोगाची चालू राजवट, एवढ्या दोनच पर्यायांची शिफारस झाली. यावर संघप्रवेशवाद्यांचे नेते गॉर्डन ब्रॅडली यांनी नभोवाणीवरून श्रोत्यांनाच आवाहन केले, आणि थोड्याच दिवसांत सुमारे ५० हजार नावांची मागणी गव्हर्नरकडे पोहोचली. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने तिसरा पर्याय मतपत्रिकेवर घालण्याचे जाहीर केले. पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून ब्रिटनचा कल महायुद्धाच्या काळापासूनच संघप्रवेशाकडे होता, हे निर्विवाद आहे. म्हणून हा निर्णय केवळ लोकमताचा आदर होता असे म्हणता येत नाही. परंतु ही मागणी नसती, तर परिषदेच्या शिफारशीस बाजूला सारणे लंडनला बरेच अवघड गेले असते, हेही तितकेच खरे.

मतपत्रिका ठरल्यावर प्रचार अधिक कडवट झाला. चेस्ली क्रॉस्बी यांच्या पक्षाने, प्रथम स्वराज्य घ्यावे व मग अमेरिकेशी आर्थिक संघ करावा, असा कार्यक्रम मांडला. तो आकर्षक होता. मात्र अमेरिकेच्या सरकारचे तसे कोणतेही वचन त्याच्या पाठीशी नव्हते. स्वराज्यपक्ष अशा रीतीने दोन संघटनांत विभागला गेला. ३ जून १९४८ रोजी जबाबदार राज्यपद्धतीस ६९,४००, संघप्रवेशास ६४,०६६ आणि आयोगाच्या राजवटीस २२,३११ मते पडली. कोणासही निर्विवाद बहुमत न मिळाल्याने तिसरा पर्याय गळाला आणि २२ जुलैला पुन्हा मतदान ठरले.

मधल्या सात आठवड्यांत धर्मभेदाने डोके वर काढले. कॅथलिक आर्चबिशपांचे मुखपत्र ‘द मॉनिटर’ स्वराज्याच्या बाजूने उघड लिहीत होते. त्याचे निमित्त करून प्रॉटेस्टंटांच्या ऑरेंज संघटनेने आपल्या सभासदांस सावध करणारे पत्रक काढले. दुसऱ्या सार्वमतात संघप्रवेशास ७८,३२३ व जबाबदार राज्यपद्धतीस ७१,३३४ मते मिळाली. पहिल्या मतदानाशी तुलना करता संघप्रवेशाची मते १४,२५७ नी वाढली, स्वराज्याची केवळ १,९३४ नी. या वाढीचे श्रेय सर्वस्वी धर्मभावनेस देता येत नाही. कारण कॅथलिक वस्ती मोठी असलेल्या पश्चिम किनाऱ्यानेही संघप्रवेशाचीच बाजू घेतली. राजधानी व तिच्या आसपासचे अवॅलॉन द्वीपकल्प एकीकडे आणि उर्वरित किनारा दुसरीकडे, ही विभागणी अधिक ठळक होती.

११ डिसेंबर १९४८ रोजी ओटावा येथे संघप्रवेशाच्या अटींवर सह्या झाल्या. शिष्टमंडळाचे सदस्य असूनही क्रॉस्बी यांनी सही करण्यास नकार दिला. ३१ मार्च १९४९ च्या मध्यरात्रीपूर्वी काही क्षण न्यूफाउंडलंड कॅनडाचा दहावा प्रांत झाला, आणि स्मॉलवूड त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

या इतिहासात ब्रिटनच्या हेतूंचा भाग आहे, तसाच दारिद्र्याचाही आहे. परंतु ब्रिटनने पर्याय मांडला, मते घातली नाहीत. आणि दारिद्र्य १८६९ सालीही होते, तेव्हा कौल उलट पडला होता. १९४८ मध्ये नवीन होते ते हे की, दूरच्या किनाऱ्यावरील मतदाराने आपल्या प्रतिनिधींचा संपूर्ण वाद स्वतःच्या कानांनी ऐकला होता. स्वराज्यपक्षाने सभागृह जिंकले आणि आपली बाजू कायद्याच्या भाषेत निर्दोष मांडली. स्वराज्य आल्यावर ते कोणाचे असेल, या श्रोत्यांच्या प्रश्नास मात्र त्याने समाधानकारक उत्तर दिले नाही. सुमारे सात हजार मतांचे अंतर त्या उत्तराने भरून निघण्याजोगे होते.