गुडघ्याखालची उशी

इंग्लंडांतील बाथ या गांवीं भूमींतून ऊन पाण्याचे झरे वाहतात. रोमन लोकांनीं तेथें स्नानगृहें बांधलीं होतीं. अठराव्या शतकांत श्रीमंत मंडळी पुन्हां तेथें गर्दी करूं लागली, आणि त्यांच्या मागोमाग हातपाय आखडलेले दरिद्री लोकही भिक्षा मागत मागत येऊन पोंचूं लागले. या दुसऱ्या वर्गासाठीं १७३८ सालीं एका रुग्णालयाचा पाया घालण्यांत आला व १७४२ सालीं तें उघडलें. राल्फ ॲलन या खाणमालकानें दगड पुरविला, जॉन वुड या स्थापत्यविशारदानें आराखडा करून दिला आणि डॉक्टर विल्यम ऑलिव्हर यांनीं वैद्यकीची जबाबदारी पत्करली. रोग्यानें येतांना कांहीं रक्कम अनामत ठेवावी असा नियम होता. तो बरा झाला तर ती घरीं परतण्याच्या प्रवासास, आणि मेला तर त्याच्या दफनास उपयोगी पडावी हा हेतु. परोपकारांतही हिशेब न विसरणाऱ्या लोकांचें तें काम होतें!

ऑलिव्हर आणि ॲलन यांचीं नांवें आजही पुष्कळांच्या परिचयाचीं आहेत. रोग्यांना स्नानास नेणाऱ्या, पुसून कोरडें करणाऱ्या व पुन्हां अंथरुणावर आणून निजविणाऱ्या बायांचीं मात्र कोणास ठाऊक नाहींत. त्या काळीं परिचारिका म्हणजे एक प्रकारची मोलकरीणच असे. पण ऊन पाण्यांत शरीराचा भार हलका होतो, स्नायु सैल पडतात आणि एरवीं जो सांधा हलवितां येत नाहीं तो थोडाबहुत हलतो. म्हणून त्या अशिक्षित बायांच्या हातून, शास्त्र ठाऊक नसतांही, एक योग्य गोष्ट घडत होती. पुढील दीडशें वर्षांत शिकलेल्या लोकांच्या हातून ती कित्येकदां घडली नाहीं.

संधिवात हा एकच रोग नव्हे, हें वैद्यांना फार हळूहळू उमगलें. १८०० सालीं पॅरिस येथील साल्पेत्रियेर रुग्णालयांत लांद्रे-बोव्हे या तरुण वैद्यानें नऊ स्त्रियांच्या दुखण्याचें वर्णन आपल्या प्रबंधांत केलें व हें दुखणें श्रीमंतांच्या वातरक्ताहून निराळें आहे असें सांगितलें. १८५९ सालीं लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनीं त्याला ‘रूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हें नांव दिलें. माधवनिदानांतील आमवाताशीं त्याचीं लक्षणें बरींच जुळतात. शरीराची रक्षकशक्तिच उलटून सांध्याच्या आंतील पडद्यावर हल्ला करते. तो पडदा सुजतो आणि कालांतरानें कूर्चा व अस्थि खाऊं लागतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांना हा रोग अधिक होतो. घरांतील जी व्यक्ति सर्वांची शुश्रूषा करते, तीच अनेकदां अंथरुणाला खिळते.

१८६० सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवाची परिचारिकांची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत निघाली आणि शुश्रूषेला विद्येची प्रतिष्ठा आली. स्वच्छता, मोकळी हवा, नीटनेटकें अंथरूण हीं त्या विद्येचीं मुळाक्षरें होतीं. सुजलेल्या सांध्याला विश्रांति दिली म्हणजे सूज उतरते, हेंही अनुभवास येत होतें व तें खोटें नव्हतें. मात्र यावरून असा समज दृढ झाला कीं, जितकी विश्रांति अधिक तितकें बरें. रोग्याला महिनेच्या महिने पडून राहण्यास सांगण्यांत येऊं लागलें.

अशा रोग्याचे गुडघे दुखत असतात. ते किंचित् दुमडले म्हणजे सांध्यांतील ताण कमी होऊन त्याला बरें वाटतें. मग कोणीतरी कनवाळूपणें गुडघ्यांखालीं एक उशी सरकवितें. घरीं आई किंवा सून, रुग्णालयांत नवशिकी परिचारिका. रोगी डोळे मिटून दुवा देतो. पण ती उशी तशीच राहिली तर कांहीं आठवड्यांतच मांडीमागचे स्नायु आंखूड होऊं लागतात, सांध्याभोंवतालच्या शिरा आवळतात आणि गुडघा त्याच स्थितींत धरला जातो. पुढें सूज उतरली, वेदना शमली, तरी पाय सरळ होत नाहीं. अशीं किती माणसें आयुष्यभर खुर्चींत बसून राहिलीं असतील याची गणती कोणीं ठेवली नाहीं. आणि त्यांचे पाय रोगानें जितके नेले तितकेच मायेनें नेले असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ती उशी काढून घेण्यास मन घट्ट लागे. रोगी कण्हतो, नातेवाईक रागावतात. तरी जाणती परिचारिका ती काढी. पाय सरळ राहावे म्हणून रात्रीपुरत्या पट्ट्या बांधी. जड पांघरुणाच्या भारानें पाऊल खालीं लोंबूं नये म्हणून पायथ्याशीं कमानीची चौकट ठेवून तिच्यावर पांघरूण घाली. आणि दिवसांतून थोडा वेळ रोग्याला पालथें निजवी, म्हणजे जांघेचे सांधे आखडत नसत. त्याला उठवितांना मनगट धरून ओढावयाचें नाहीं, तळहाताचा आधार खालून द्यावयाचा. सकाळीं या रोग्याचे सांधे तास-दोन तास लांकडासारखे ताठ असतात. म्हणून पहांटे उठवून त्याचें अंग पुसण्याची घाई करणें म्हणजे छळ होय. हें सारें ज्ञान औषधांच्या ग्रंथांत नव्हतें, हातांत होतें.

१९४७ सालीं लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनीं ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत अंथरुणावर पडून राहण्याच्या धोक्यांविषयीं एक लेख लिहून मोठीच खळबळ उडविली. सांधे धरणें, रक्त गोठणें, पाठीला क्षतें पडणें हे परिणाम रोगाचे नसून अंथरुणाचे आहेत हें त्यांनीं एकेक करून दाखविलें.

पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील रॉचेस्टर गांवीं डॉक्टर फिलिप हेंच यांनीं रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल यांचें एक द्रव्य २९ वर्षांच्या एका रोगी स्त्रीला टोंचलें. तो दिवस २१ सप्टेंबर १९४८ चा. पाऊल टाकणें कठीण झालेली ती बाई आठवड्याभरांत बाजारांत तीन तास हिंडून आली. तें द्रव्य म्हणजेच कॉर्टिझोन. १९५० सालीं हेंच, केंडॉल व स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालें. आणि हेंच यांनीं आपल्या रकमेपैकीं कांहीं भाग सिस्टर पँटेलिऑन यांना दिला. त्यांच्या संधिवाताच्या रोग्यांची शुश्रूषा या जोगिणीच्या देखरेखीखालीं चालत असे. एवढ्या मोठ्या गौरवाच्या वेळीं शुश्रूषेचें ऋण असें रोकड फेडणारे वैद्य विरळा.

कॉर्टिझोनचा आनंद फार टिकला नाहीं. औषध थांबवितांच दुखणें उलटे, आणि चालू ठेवावें तर चेहरा सुजे व हाडें ठिसूळ होत. शुश्रूषेची गरज टळली नाहीं. तिचें स्वरूप मात्र पालटलें. १९७१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सक्तीनें निजून राहिलेल्या व मनाप्रमाणें हिंडूं दिलेल्या रोग्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. १९९४ सालीं इंग्लंडांतील लीड्स येथील परिचारिका जॅकी हिल व त्यांचे सहकारी यांनीं ७० रोग्यांवरील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. निम्मे रोगी तज्ज्ञ वैद्याकडे आणि निम्मे परिचारिकेकडे सोंपविले होते. परिचारिकेच्या रोग्यांच्या वेदना कमी झाल्या, त्यांना आपल्या रोगाचें ज्ञान अधिक झालें आणि समाधानही अधिक लाभलें. तिनें त्यांना अधिक वेळ दिला होता, अधिक शिकविलें होतें.

आतां ती रोग्याला उचलून ठेवण्याऐवजीं त्यानें स्वतः कसें उठावें तें शिकविते. जाड मुठीचा चमचा, उंच बैठकीची खुर्ची सुचविते. सुई स्वतःच्या हातानें कशी टोंचावी हें दाखविते. या रोगांत आज सर्रास दिलें जाणारें मेथोट्रेक्सेट हें औषध आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें, आणि चुकून तें रोज घेतल्यानें प्राण गेल्याचीं उदाहरणें आहेत. म्हणून ती रोग्याकडून वार ठरवून घेते, तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिते, आणि निघण्यापूर्वीं त्याच्या तोंडून पुन्हां एकदां म्हणवून घेते.