फोर्ट सेंट जॉर्जची इंग्रजी आणि शिवकालीन आख्यायिका

इतिहासातील आख्यायिका ज्या भाषेतून आपल्यापर्यंत येते, ती भाषाही इतिहासाचाच भाग असते. मोडी कागद वाचताना आपण ही जाणीव ठेवतो. इंग्रजी कागद मात्र परिचयाचा वाटतो म्हणून बेसावधपणे वाचतो. मद्रासच्या, म्हणजे १९९६ पासून अधिकृतपणे चेन्नई म्हटल्या जाणाऱ्या शहराच्या, दप्तरातील एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे.

मे १६७७ मध्ये, कर्नाटक स्वारीच्या काळात, शिवाजीमहाराजांनी फोर्ट सेंट जॉर्जच्या इंग्रजांकडे दूत पाठवून काही औषधी वस्तू मागितल्या. तेथील नोंदीत ‘कॉर्डियल स्टोन’ आणि ‘काउंटरपॉयझन’ असे शब्द येतात. ‘कॉर्डियल’ म्हणजे स्नेहपूर्ण, हा आजचा अर्थ घेतला तर महाराजांनी ‘मैत्रीचे खडे’ मागितले, असा भलताच बोध होईल. त्या काळी हे विशेषण हृदयाला बळ देणाऱ्या औषधाला लावीत. दुसरा शब्द विषावरील उताऱ्याचा. आपल्याकडील जहरमोहरा तो याच जातीचा. इंग्रजांनी मूल्य न घेता त्या वस्तू भेट म्हणून पाठविल्या. या भेटीत औदार्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, एका प्रबळ सत्ताधीशाबद्दलचा धाक होता. पुढे महाराजांनी ‘इंजिनियर’ मागितले, तेव्हा मात्र इंग्रजांनी सौजन्याने नकार दिला. हा इंजिनियर पूल बांधणारा नव्हे. तटबंदी आणि सुरुंग यांचा जाणकार होय. शब्दाचा हा अर्थ कळला, की नकाराचे कारणही उलगडू लागते.

अशी स्थळे पुष्कळ आहेत. ‘फॅक्टरी’ म्हणजे कारखाना नव्हे, वखार. ‘रायटर’ म्हणजे लेखक नव्हे, कंपनीचा कनिष्ठ कारकून. १७४४ मध्ये मद्रासला आलेला रॉबर्ट क्लाइव्ह असाच ‘रायटर’ होता. ‘मलबार’ हा शब्द तमिळ भाषेसाठी, तर ‘जेंटू’ तेलुगूसाठी योजिलेला आढळतो. तंजावरला न्यायाधीश राहिलेले बर्नेल आणि हेन्री यूल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशाचे मोल येथे ध्यानात येते.

शब्दांप्रमाणे तारखाही फसवितात. इंग्लंडने १७५२ पर्यंत जुनी कालगणना पाळली. सतराव्या शतकात ती नव्या गणनेच्या दहा दिवस मागे होती. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही रूढ तारीख त्याच जुन्या गणनेतील आहे. नव्या गणनेने ती १६ जून होते. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे त्यांच्या जानेवारी १६७७ ला आपण १६७८ म्हटले पाहिजे.

वा. सी. बेंद्रे यांनी ‘साधन-चिकित्सा’ या ग्रंथात साधनांच्या परीक्षणाचा आग्रह १९२८ मध्येच धरला होता. परीक्षणाची पहिली पायरी शब्दार्थाची. ती चुकली, की अस्सल कागदावरूनही खोटा इतिहास उभा राहतो. आणि कागद अस्सल असल्यामुळे तो खोडून काढणे अधिकच अवघड होते.