कानाच्या मापाचा आवाज

आपल्याकडे माणसांनी कानात काय काय ठेवलं याची यादी केली तर मोठी मौज होईल. कुणी अत्तराचा फाया ठेवला, कुणी भिकबाळी घातली, सुतारानं पेन्सिल खोचली, थंडीवाऱ्यात आजीनं कापूस कोंबला. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा वाजवणारी पोरं आजही कानात कापसाचे बोळे घालून उभी राहतात. या यादीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे कानाच्या आत बसणारा इअरफोन.

इअरफोन घेताना आपण काय बघतो? किंमत, कंपनी, वायर आहे की नाही, बॅटरी किती तास चालते. त्याच्या टोकाला बोरीच्या बीएवढी एक रबरी टोपी असते, तिच्याकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही. डब्यात लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन जोड्या येतात. मधली जोडी बसवलेलीच असते, ती आपण वापरतो. उरलेल्या दोन डब्यात पडून राहतात आणि डब्याबरोबर कधीतरी हरवतात. माझं आजचं बोलणं या टोपीविषयी आहे. कारण ऐकण्याच्या साधनांचा दोनशे वर्षांचा इतिहास असं सांगतो, की यंत्र कितीही सुधारलं तरी शेवटचा निवाडा कान आणि यंत्र जिथे भेटतात तिथेच होतो.

हा इतिहास सुरू होतो एका डॉक्टरापासून. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लाएनेक या वैद्याकडे हृदयविकाराची एक तरुण रुग्ण आली. तिच्या छातीला कान लावणं त्याला संकोचाचं वाटलं. त्यानं कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं आपल्या कानाला लावलं. ठोके स्वच्छ ऐकू आले. पुढे त्या सुरळीची लाकडी नळी झाली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. पण ही नळी एकाच कानाची होती. १८५२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॅमन यांनी दोन्ही कानांसाठी स्टेथोस्कोप बनवला आणि तो कानात बसावा म्हणून टोकाला हस्तिदंती बोंडं लावली. आज डॉक्टरांच्या गळ्यात दिसणाऱ्या स्टेथोस्कोपची रबरी बोंडं त्यांचीच वंशज. हृदयाचा ठोका इतका मंद असतो, की कान बाहेरच्या गलबल्यापासून मिटल्याशिवाय तो कळत नाही. कानात नीट बसणं आणि नीट ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हा पहिला धडा वैद्यकानं दिला.

त्यानंतर आली वीज. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर या फ्रेंच अभियंत्यानं ऑपेरागृहातलं गाणं तारांवरून प्रदर्शनाच्या दालनात आणलं. लोक दोन हातांत दोन रिसीव्हर घेऊन ते दोन्ही कानांना लावत आणि गायिका रंगमंचावर डावीकडून उजवीकडे सरकली तर तेही ओळखत. पुढे १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यगृहात लुई ग्लास यांनी नाणं टाकून वाजणारा फोनोग्राफ बसवला. त्याला कर्णा नव्हता. कानात घालायच्या नळ्या होत्या. एकानं ऐकून झालं की दुसऱ्यानं त्याच नळ्या कानात घालायच्या, म्हणून पुसायला शेजारी टॉवेलही ठेवलेला असे. इअरफोनची टोपी धुऊन वापरावी हा सल्ला तेव्हापासूनचा म्हणायचा!

पण ज्याला आजच्या इअरफोनचा खरा पूर्वज म्हणावं असं साधन १८९१ चं आहे. एर्नेस्ट मर्काडिए या फ्रेंच अभियंत्यानं त्या वर्षी अमेरिकेत ‘बाय-टेलिफोन’चं पेटंट घेतलं. वजन पावणेदोन औंसांहून कमी, म्हणजे आपल्या पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर. दोन्ही टोकं थेट कानात जायची. आणि त्या टोकांना रबरी आवरण होतं. ते कशासाठी? कानाला घासू नये म्हणून, आणि बाहेरचा आवाज बंद व्हावा म्हणून. आराम आणि बाहेरच्या गोंगाटापासून सुटका, आज दुकानदार ज्या दोन गोष्टी नव्या म्हणून सांगतो, त्या एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वी कागदावर लिहिल्या गेल्या होत्या.

मर्काडिएची वाट मात्र लगेच रुळली नाही. १९१० मध्ये अमेरिकेच्या नौदलानं नथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाचे, त्यानं घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले, डोक्यावरून घ्यायचे हेडफोन स्वीकारले आणि मग बराच काळ ऐकणं म्हणजे कान झाकणं असंच समीकरण राहिलं. आपल्या पिढीला कानात घालायचं पहिलं साधन भेटलं ते ट्रान्झिस्टरबरोबर. एकाच कानाचं, बोटाच्या पेराएवढं, पिवळट रंगाचं. क्रिकेटच्या दिवसांत कचेरीत फाइलवर मान घालून बसलेल्या माणसाच्या कानात ते असायचं आणि बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकता ऐकता तो मध्येच ‘अरेरे’ म्हणायचा. मग विकेट पडल्याचं सगळ्या कचेरीला कळायचं. त्या साधनात आवाज होता, पण खर्ज नव्हता. ते कानाच्या दाराशी लोंबायचं, आत बसायचं नाही.

आता इथे थोडं कानाविषयी बोललं पाहिजे. बाहेरच्या पाळीपासून पडद्यापर्यंत सुमारे अडीच सेंटिमीटरची नळी असते. ती सरळ नसते, किंचित वळणाची असते. बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, म्हणून थोडा लवचिक. आतला भाग हाडाचा, त्यावर पातळ नाजूक कातडी. जबडा हलला की बाहेरच्या हिश्श्याचा आकार बदलतो. एका माणसाची नळी दुसऱ्यासारखी नसते. इतकंच काय, एकाच माणसाचा डावा आणि उजवा कानही मापानं सारखे असतीलच असं नाही.

या नळीत इअरफोन घट्ट बसला, की त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये हवेची एक लहानशी बंद खोली तयार होते. खर्जाचे सूर याच हवेला दाबून-सोडून पडद्यापर्यंत पोहोचतात. टोपी सैल असेल तर हवा बाजूनं निसटते आणि खर्ज नाहीसा होतो. सायकलच्या ट्यूबला बारीक छिद्र असलं की पंप कितीही मारा, हवा ठरत नाही, तसंच हे. तबल्याचा डग्गा ऐकू येत नाही म्हणून महागडा इअरफोन बदलणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांचं काम एक माप मोठ्या टोपीनं झालं असतं.

कान मिटण्याची विद्या वेगळ्या वाटेनं वाढत होती. १९०७ मध्ये जर्मनीत माक्स नेगवर या औषधविक्रेत्यानं मेण आणि कापूस यांच्या गोळ्या तयार केल्या. ग्रीक महाकाव्यात नायक आपल्या खलाशांच्या कानात मेण भरतो, त्या कथेवरून त्याला ही कल्पना सुचली. नाव ठेवलं ‘ओहरोपाक्स’, म्हणजे कानाची शांती. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत रॉस गार्डनर आणि त्यांचे सहकारी सांधे बुजवण्यासाठी एका पदार्थावर काम करत होते. त्यातून थरथर शोषणारा एक फेस हाती लागला. दाबला की बारीक होतो, सोडला की सावकाश फुगून मूळ आकारावर येतो. कारखान्यांतल्या कामगारांच्या कानात दिसणारी पिवळी फोमची बुचं ती हीच.

श्रवणाची ही दोन घराणी, ऐकवणारं आणि मिटवणारं, नीट एकत्र आली ती १९८० च्या दशकात. मीड किलियन या अमेरिकी संशोधकानं १९८३ मध्ये एटिमोटिक ही संस्था काढली. (योगायोग असा, की त्याच साली मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली.) किलियन श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले. उघडा कान तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप वाढवतो, रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारली की ती जशी ठरावीक सुरात बोलते तसा. कान मिटला की ही देणगी बदलते, म्हणून ती इअरफोननं परत केली पाहिजे, या हिशेबानं त्यांनी काम केलं. आधी संशोधनासाठी आणि मग १९९१ मध्ये श्रोत्यांसाठी त्यांचा ‘ईआर-४’ आला. त्याला एकावर एक तीन छत्र्या असलेली रबरी टोपी होती किंवा फोमचं बूच.

तिकडे रंगमंचावर वेगळीच अडचण होती. मोठ्या वाद्यवृंदात गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. आपल्या शाहिरांनी यावर उपाय कधीच शोधला होता. पोवाड्याची तान घेताना शाहीर कानावर हात ठेवतो. अजान देणारा मुअज्जिनही कानाशी बोटं नेतो. रीत परंपरेची, पण तिच्यात शास्त्र आहे. कान मिटला की आपला आवाज हाडांमधून आत घुमतो आणि गोंगाटातही सूर सापडतो. पाश्चात्त्य रॉक मंडळींनी मात्र गायकासमोर जमिनीवर मोठे स्पीकर ठेवले. ते ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवायचा, मग ड्रमवाल्यानं जोर लावायचा, मग पुन्हा आवाज वाढवायचा. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ड्रमवादक अलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्याबरहुकूम इअरफोन घडवला आणि त्यातून ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. साचा घेण्याची कला श्रवणयंत्रवाल्यांची. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी शोधलेली युक्ती अति ऐकणाऱ्यांच्या कामी आली. आज आपल्याकडे गाण्याच्या स्पर्धांमध्ये मुलांच्या कानात दिसतात ती याच जातीची साधनं.

२००१ नंतर आयपॉडमुळे पांढरे इअरफोन जगभर पोहोचले, पण ते कानाच्या वाटीत टेकणारे कडक प्लॅस्टिकचे होते. २०१९ मध्ये त्याच कंपनीनं एअरपॉड्स प्रो काढले तेव्हा त्यांना मऊ टोप्या आल्या, तीन मापांच्या. आणि टोपी नीट बसली की नाही हे तपासण्याची सोयही फोनमध्ये आली. मर्काडिएचं रबर असं फिरून घरी आलं.

मग टोपी निवडायची कशी? प्रत्येक कान वेगळा तपासावा. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी लागली तर संकोच करू नये. घालताना दुसऱ्या हातानं कानाची पाळी किंचित वर आणि मागे ओढावी, म्हणजे नळीचं वळण सरळ होतं. मग ओळखीचं गाणं लावावं. डग्गा भरीव वाजला, आपला बोलण्याचा आवाज डोक्यात घुमला आणि पंख्याची घरघर मंदावली, तर टोपी बसली. जबडा हलवून पाहावा. सुटत असेल तर माप चुकलं. अर्ध्या तासात कान ठणकला तर ती मोठी आहे, किंवा जास्त आत गेली आहे. सिलिकॉनची टोपी टिकते, साबणाच्या पाण्यानं धुता येते, मात्र ती इअरफोनवरून काढून धुवावी. फोमची टोपी चिमटीत दाबून घालायची आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायची. ती बाहेरचा आवाज अधिक अडवते, कानाला मऊ लागते, पण उंच सूर थोडे मवाळ करते आणि काही महिन्यांत कडक होऊन बदलावी लागते. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर यांपैकी काहीही घालू नये.

एवढ्या बारीकसारीक गोष्टीचा प्रपंच कशाला, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर लोकलच्या डब्यात मिळतं. टोपी सैल असली की गाडीचा खडखडाट आत येतो आणि त्याच्यावर मात करायला बोट आवाज वाढवत जातं. कानाच्या आत मात्र दोन्हींची बेरीज होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये मोठ्यांसाठी मर्यादा सुचवली ती ऐंशी डेसिबल, आठवड्याला चाळीस तास, मुलांसाठी पंचाहत्तर. कामाच्या जागी लागू होणारा एक हिशेब असा, की पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास चालतील आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरावर जेमतेम पंधरा मिनिटं. आतल्या कानाच्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नीट बसलेली टोपी हलक्या आवाजात ऐकू देते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

पण तिचा दोषही तोच. जी टोपी खडखडाट अडवते ती गाडीचा भोंगाही अडवते. रूळ ओलांडताना, रस्त्यावर चालताना, दुचाकीवर बसताना ती कानात असता कामा नये. घरात जेवणाच्या ताटावरही नसली तर बरं. आईनं तीनदा हाक मारावी आणि पोरानं मान डोलवत बसावं, हे गाणं ऐकणं झालं नाही.

डोळ्यांना पापणी आहे, कानाला नाही. निजल्यावरही कान उघडाच राहतो, म्हणून तर लेकराच्या रडण्यानं माणूस जागा होतो. मेणाच्या गोळीपासून रबराच्या टोपीपर्यंत माणसानं स्वतःसाठी कानाची पापणी घडवली. ती आपल्या मापाची असावी. आणि ती कधी उघडायची, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)