ईश्वरचिठ्ठी

आमच्या जामनेरकडे भाऊबंदांत शेताची वाटणी निघाली आणि एकमत होईना, की पंच वाटे पाडतात आणि चिठ्ठ्या टाकतात. कागदाचे सारखे तुकडे, सारख्या घड्या, एक तांब्या आणि चिठ्ठी उचलायला घरातले लहान पोर. विहिरीजवळची काळीभोर जमीन कोणाची आणि नाल्याकडची बरड कोणाची, हे एका क्षणात ठरते. मग कोणी कितीही कुरकुरले तरी पंच ऐकत नाहीत. अशा चिठ्ठीला मराठीत नाव मोठे भारदस्त आहे : ईश्वरचिठ्ठी!

पण लहान पोरच का? तमिळ देशात कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर गाव आहे. तेथील देवळाच्या भिंतीवर परांतक चोळाच्या काळचे, इ. स. ९१९ आणि ९२१ चे, दोन शिलालेख आहेत. गावसभेवर माणसे कशी निवडावी याचे नियम त्यांत कोरले आहेत. तीस वाड्यांतून ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर नावे लिहून घडा भरायचा आणि आत काय आहे हे ज्याला कळत नाही अशा मुलाने चिठ्ठी काढायची. ती हाती घेणाऱ्या मध्यस्थाने पाचही बोटे पसरून उघड्या तळहातावर घ्यायची! हातचलाखीची ओळख लोकांना तेव्हाही चांगलीच होती म्हणायची.

हे जुनेच आहे असे मात्र नाही. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. निकाल अखेर चिठ्ठीने लागला आणि शहा निवडून आले.

जपानात तर चिठ्ठीने राज्यकर्ता निवडला. १४२८ साली शोगुन योशिमोची वारस न नेमता वारला, तेव्हा इवाशिमिझूच्या हाचिमान देवापुढे त्याच्या चार भावांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघाले मठात वाढलेल्या योशिनोरीचे. देवाने निवडलेला हा भिक्षू पुढे इतका जुलमी निघाला, की १४४१ साली एका सरदाराने त्याला मेजवानीला बोलावून ठार केले.

सामान्य जपानी माणसाची चिठ्ठी याहून पुष्कळ सौम्य. तिला ‘ओमिकुजी’ म्हणतात. देवळात डबा हलवायचा, त्यातून क्रमांकाची काडी निघते आणि त्या क्रमांकाचा भविष्याचा कागद घ्यायचा. भविष्य वाईट निघाले तर कागद तेथेच झाडाच्या फांदीला किंवा तारेला बांधून माणूस मोकळ्या मनाने घरी जातो. बरड वाट्याला आलेल्या आमच्या भावाला ही सोय नाही. मृग लागला की त्याला त्यातच पेरावे लागते.

आणि या चिठ्ठ्या छापते कोण? त्यांतला फार मोठा भाग यामागुची प्रांतातल्या एका डोंगराळ गावच्या देवस्थानातून देशभर जातो. तेथील पुजारी मियामोतो शिगेताने स्त्रियांच्या हक्कांचा कैवारी होता. १९०६ साली त्याने ‘जोशिदोशा’ ही संस्था काढली. तिच्या स्त्रियांसाठीच्या मासिकाला पैसा हवा होता, तो या भविष्याच्या चिठ्ठ्यांनी पुरवला.